वापसा येईपर्यंत

आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिण टोकाला, शिरे नदीच्या खोऱ्यात आम्ही दोघे सेवेसाठी आलो त्याला आता सात वर्षे होत आली. हे पाळक आहेत आणि मी परिचारिका. रविवार आणि अंत्यविधी ह्यांचे, आठवड्यातले तीन दिवस माझ्या फिरत्या दवाखान्याचे, अशी आमच्या एकुलत्या गाडीची वाटणी आहे. घरून फोन आला की सगळे लोकांविषयी विचारतात, उपासनेविषयी विचारतात, भाकरी मिळते का तेही विचारतात; रस्त्याविषयी मात्र कोणी विचारत नाही. आमच्या कामाचे निम्मे तास रस्त्यावर जातात आणि त्या कामातले जे काही मी शिकले त्यातले पुष्कळसे तिथेच शिकले, म्हणून आज त्याच्याविषयीच लिहिते.

ब्लँटायर शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर वसले आहे. तिथून चिक्वावाच्या दिशेने निघाले की पन्नासेक किलोमीटरच्या आत रस्ता जवळजवळ नऊशे मीटर खाली येतो. वळणे घेत हा घाट उतरताना वारा तापत जातो, झाडे बदलतात, आणि खाली पोहोचेपर्यंत गोरखचिंचेची जाडजूड खोडे दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो. घाटाच्या पायथ्याशी थाब्वाजवळ डांबरी रस्ता पुलावरून नदी ओलांडून न्सान्जेकडे जातो, आणि डावीकडे नदीच्या पूर्व काठाने दुसरा रस्ता फुटतो. आम्ही आलो तेव्हा तो सगळाच कच्चा होता. आमची बहुतेक गावे त्याच रस्त्याच्या आणि त्याला मिळणाऱ्या पायवाटांच्या आसऱ्याने आहेत.

कोरड्या दिवसांत, म्हणजे इथल्या हिशेबाने मे ते ऑक्टोबर, हा रस्ता निदान बोलतो तसा वागतो. धुराळा इतका की पुढे गेलेल्या ट्रकची धूळ बसायला पाच मिनिटे थांबावे लागते, आणि पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. त्यावरून सावकाश गेले तर हाडे खिळखिळी होतात आणि वेगाने गेले तर गाडी वळ्यांच्या माथ्यावरून तरंगल्यासारखी धावते, पण मग सुकाणू हातात राहत नाही. पुढे बकरी किंवा सायकल आली की काय होईल याचा नेम नसतो. पहिल्याच वर्षी मागचा पाटा तुटला. लिंबेच्या बाजारात सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्या गुजराती काकांनी मला हिंदीत सांगितले, ‘बेटी, गाडी को नहीं, हवा को देखो,’ आणि टायरमधली हवा कमी करून दाखवली. तेव्हापासून डांबर संपले की आम्ही हवा काढतो आणि परत डांबराला लागलो की पायपंपाने भरतो.

जुलै ते सप्टेंबरात याच घाटाच्या माथ्यावर, थायोलो-चिराद्झुलूकडे, सायकलींच्या कॅरिअरवर तुरीची पोती आडवी बांधून माणसे चढाला सायकल ढकलत नेताना दिसतात. भारत सरकारने २०२१ मध्ये मलावीकडून वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. हे वाचणाऱ्या कोणाच्या आमटीत ती आली असेल तर तिचा पहिला प्रवास कोणाच्या तरी खांद्याच्या जोरावर झालेला आहे, एवढे मला सांगावेसे वाटते.

खरा प्रश्न नोव्हेंबरात सुरू होतो. नदीकाठची ही माती काळी आहे. आमच्या निफाडकडची असावी तशी काळी, भेगाळणारी, पाणी प्यायली की फुगणारी आणि लोण्यासारखी होणारी. माझे सगळे बालपण अशा मातीत गेले, तरी मला तिची ओळख पटायला एक मोठी चूक करावी लागली.

२०१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सकाळी मात्र कडकडीत ऊन पडले होते. नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात लसीकरणाचा दिवस ठरलेला होता आणि दोन महिन्यांपूर्वीचा दिवस पावसामुळे हुकला होता. त्या भागाचे आरोग्य सहायक सायकलवर फाट्यापर्यंत मला भेटायला आले होते. मी त्यांना अचिमवेने म्हणते, म्हणजे भाऊ. ते मला अमायी म्हणतात, आणि हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यात मला आपली आई ऐकू आली होती. ते म्हणाले, ‘अमायी, आज नको. परवा.’ मी रस्त्याकडे पाहिले. वरचा थर वाळून पांढुरका झाला होता, चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. माझ्या मनात सत्तर मुले आणि त्यांच्या आया होत्या, आणि खरे सांगायचे तर मनात असाही विचार होता की आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत ते परवा-तेरवा करत बसण्यासाठी नव्हे. मी निघाले. ते काही न बोलता सायकल टपावर बांधून माझ्या शेजारी बसले.

चार किलोमीटरवर वरचा पापुद्रा फुटला. खाली सगळा गारा होता. गाडी आधी डावीकडे सरकली, मग हळूहळू, जणू कोणी धरून निजवावी तशी, रस्त्याकडेच्या चरात कलंडली. लसींची शीतपेटी मागच्या बाकावरून घसरून दारावर आपटली आणि तिच्या झाकणाची बिजागरी तुटली. आम्ही तिथे त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होतो. बैल नव्हते, ट्रॅक्टर नव्हता, टोचन करायला दुसरी गाडी येणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दुपारी मी पोलिओच्या डोसांची कुपी हातात घेतली. तिच्या वेष्टनावर एक छोटे वर्तुळ असते आणि वर्तुळात एक चौकोन. लस थंड राहिली तर चौकोन फिका राहतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती लस मुलाच्या तोंडात घालायची नाही. मी एकेक कुपी उन्हाकडे धरून पाहिली. प्रत्येकीत चौकोन आणि वर्तुळ एकजीव झाले होते.

अचिमवेने बाजूला उभे राहून पाहत होते. ‘पेपानी, अमायी,’ एवढेच म्हणाले. वाईट वाटले असे सांगण्याचा हा इथला शब्द आहे. तो शब्द त्यांनी मला म्हणावा, आणि मी त्यांना म्हणू नये, याची मला आजही खंत आहे.

त्या आठवड्यात मी अण्णांना फोनवर हे सांगितले. माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत, आयुष्यभर काळी जमीन कसली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पोरी, वरून वाळलेली काळी माती म्हणजे काय हे तुला मी सांगायचं का? वापसा आला होता का तिला?’

वापसा हा शब्द मी किती वर्षांत उच्चारला नव्हता. पावसानंतर रान नांगराला, कुळवाला केव्हा तयार होते, फार ओले नाही आणि फार सुके नाही अशा अवस्थेत केव्हा येते, हे ओळखायला अण्णा वीतभर खालची माती मुठीत घेत, दाबून तिचा गोळा करत आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकत. गोळा फुटून विखुरला तर वापसा आला. तसाच थबकन बसला तर बैल गोठ्यात. शेजारच्यांनी औते जुंपली तरी अण्णा आमची औते बाहेर काढत नसत. हे सगळे मला माहीत होते. ते रानासाठी असते, रस्त्यासाठी नसते, असे मी धरून चालले होते.

नंतर कळले की अचिमवेनेंचीही स्वतःची परीक्षा आहे. ते सायकलचे पुढचे चाक रस्त्याच्या मध्यावरच्या मातीतून शंभर पावले ढकलत नेतात. माती ओली असेल तर ती टायरला थरावर थर चिकटत जाते, मडगार्ड आणि काट्यांच्या मधली फट भरते आणि चाक फिरायचे थांबते. शंभर पावलांत चाक थांबले तर गाडी जाणार नाही. थांबले नाही तर जाईल. त्या दिवशी फाट्यावर येण्यापूर्वी त्यांनी ते करून पाहिले होते, आणि सायकलच्या काट्यात अडकलेला चिखल मी पाहिलाही होता. विचारले मात्र नव्हते.

त्यानंतर आमच्या दिवसपत्रिकेत फरक पडला. पावसाळ्यात तारीख आम्ही ठरवत नाही. अचिमवेने सांगतात, आणि ते ज्या दिवशी नको म्हणतात त्या दिवशी गाडी फाट्यावर ठेवून पेटी सायकलवरून किंवा डोक्यावरून जाते. मीही चालते. माझ्या चपला चिखल धरतात, त्यांचे अनवाणी पाय धरत नाहीत, म्हणून मी आता चपला पिशवीत ठेवते. आठ किलोमीटर चालायला मला अडीच तास लागतात. आया आणि मुले गोरखचिंचेखाली थांबलेली असतात, आणि तराजूची दोरी फांदीला आधीच बांधलेली असते.

त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१९ च्या, एप्रिलात हिवतापाच्या लसीची पहिली सुरुवात जगात मलावीत झाली. इथे तिचे चार डोस असतात, वयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि बाविसाव्या महिन्यात. आता मार्चमध्ये जन्मलेले मूल घ्या. त्याचे पहिले तीन डोस ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरात येतात, रस्ता कोरडा असताना. चौथा येतो जानेवारीत, भर पावसात. नोंदवह्या चाळताना मला ज्या रकान्यांत चौथ्या डोसाची तारीख कोरी दिसते, त्यांतल्या कितीतरी कोऱ्या जागा आईच्या निष्काळजीपणाच्या नाहीत, काळ्या मातीच्या आहेत. वरच्या कार्यालयातून ‘पालकांमध्ये जागृती करा’ असे पत्र आले की मला वाटते, लिहिणाऱ्याने एकदा जानेवारीत इथे यावे आणि पाठीवर मूल बांधून चौदा किलोमीटर चालावे.

रस्त्यामुळे औषध न पोहोचणे या खोऱ्याला नवीन नाही. रुओ नदी शिरेला मिळते तिथे चिरोमोला बिशप चार्ल्स मॅकेन्झी यांची कबर आहे. १८६२ च्या जानेवारीत ते याच पाण्यातून होडीने चालले होते. होडी पाण्याने भरली, औषधे गेली, आणि महिनाअखेर, ३१ तारखेला, ते तापाने वारले. आम्ही दोघे तिथे गेलो होतो तेव्हा हे खूप वेळ टोपी हातात घेऊन उभे होते. परतताना म्हणाले, ‘आपल्याकडे गॉर्डन हॉल असेच गेले.’ अमेरिकन मराठी मिशनचे हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकहून मुंबईकडे परतत असताना वाटेतच पटकीने गेले. आमच्या आजोळच्या मंडळीत त्यांचे नाव लहानपणापासून ऐकलेले, पण तेव्हाच्या नाशिकच्या वाटा कशा असतील याचा विचार मी शिरेच्या काठी उभी राहून प्रथम केला.

नाशिकचा आणि या खोऱ्याचा आणखी एक धागा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १८६१ मध्ये मॅकेन्झी आणि स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी इथल्याच डोंगरांत गुलामांचा एक तांडा सोडवला, त्यात चुमा नावाचा एक याओ मुलगा होता. लिव्हिंग्स्टन त्याला १८६४ मध्ये मुंबईला घेऊन गेले आणि तो डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा चुमा आणि नाशिकच्या शरणपूरच्या आश्रमात वाढलेली नऊ आफ्रिकी मुले त्यांच्याबरोबर होती. पुढे शरणपूरचाच जेकब वेनराइट त्यांना येऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा चुमा, लिव्हिंग्स्टन यांचा दुसरा आफ्रिकी सेवक सुसी आणि त्यांचे सोबती त्यांचा देह खांद्यावर घेऊन दीड हजार किलोमीटरहून अधिक चालले आणि त्यांनी तो समुद्रकाठी बागामोयोला पोहोचवला. इतिहासात नाव प्रवासाला निघालेल्याचे राहिले. वाट माहीत असलेले, नदीचा उतार शोधणारे, ओझे उचलणारे हात या मुलांचे होते, आणि त्यांतल्या काहींनी शरणपूरच्या त्याच रस्त्यांवर खेळून दिवस काढले होते ज्यावरून मी कॉलेजला जात असे.

हे लिहिताना मला एक संध्याकाळ आठवते. एका रानवाटेवर आम्हाला सायकल-रुग्णवाहिका दिसली. सायकलमागे दोन चाकांची खाट, वर चितेंजे कापडाची सावली, आत कळा येत असलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, सायकल ओढणारा तिचा दीर आणि मागून ढकलणारी सासू. ती दुपारपासून निघाली होती. आम्ही तिला गाडीत घेतले. दोन किलोमीटरवर ओंडक्यांचा पूल लागतो. त्याचा मधला ओंडका सरकला होता आणि आमचे पुढचे चाक फटीत गेले. अंधार पडत होता. त्याच वेळी पलीकडच्या गावातून अंत्यविधी आटोपून परतणारे लोक आले, वीस-पंचवीस असतील. ह्यांनी काही सांगायच्या आधीच त्यांनी अंगावरचे चांगले शर्ट काढून झाडाच्या फांदीवर टांगले. कोणीतरी ‘कान्खानी!’ म्हणून ओरडले, म्हणजे ढकला, आणि ते प्रत्येक हिसक्याला एका सुरात तोच शब्द म्हणू लागले. मी मागे मुलीचा हात धरून बसले होते; बाहेर तो शब्द झाला की ती माझ्या हाताला घट्ट धरायची. सातव्या-आठव्या हिसक्याला गाडी वर आली. पहाटे आरोग्य केंद्रात मुलगा झाला. ज्यांनी आम्हाला काढले त्यांतल्या एकाचेही नाव आम्हाला ठाऊक नाही. त्यांनी चिखलाचे हात पुलाखालच्या पाण्यात धुतले, शर्ट घातले आणि ते गेले.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी हे चक्रीवादळ आले. पाच आठवड्यांहून अधिक काळ ते समुद्रावर आणि किनाऱ्यांवर फिरत राहिले आणि दक्षिण मलावीवर काही दिवसांत सहा महिन्यांचा पाऊस ओतून गेले. देशात सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, पाचशेहून अधिक सापडलीच नाहीत. त्यात पटकीची साथ आधीच चालू होती. आमच्या रस्त्याचे काय झाले हे सांगणे त्या दुःखापुढे लहान आहे, तरी सांगते, कारण उरलेल्या माणसांचा जीव त्यावरच अवलंबून होता. मोऱ्या वाहून गेल्या होत्या. जिथे ओढा ओलांडायचो तिथे ओढा नव्हता, तो दोनशे पावले बाजूला नवीन पात्र करून वाहत होता. ओंडक्यांचा पूल गेला होता. ह्यांनी तीन आठवडे गाडीला हात लावला नाही. लाकडी होडीने आणि पायी जाऊन ते प्रेतविधी करत राहिले, आणि एका गावाच्या घंटेऐवजी टांगलेली चाकाची लोखंडी रिमसुद्धा वाहून गेल्यामुळे लोकांना दारोदार जाऊन बोलवत राहिले. मी मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या आणि क्लोरीन पाठीवरून नेत होते.

एप्रिलच्या अखेरीस अचिमवेनेंचा निरोप आला की नव्या ओढ्यावर गावाने पूल घातला आहे. आम्ही फाट्यावर पोहोचलो तेव्हा म्फुमूंचे, म्हणजे गावच्या मुखियांचे, दोन मुलगे आणि इतर दहा-बाराजण कोयते घेऊन उभे होते. ओंडके सालपटे काढून ताजे पांढरे दिसत होते, आणि बांधायला वेलीऐवजी यावेळी तारा वापरल्या होत्या, कोणाच्या तरी पडलेल्या घराच्या. मी खाली उतरले, रस्त्याच्या मध्यावर वीतभर उकरले, मूठभर माती घेतली, दाबली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळा पडला आणि फुटला. माझ्या शेजारी अचिमवेने सायकलचे चाक ढकलत निघाले होते, मोठ्याने पावले मोजत. पोरे त्यांच्याबरोबर मोजत होती. साठ, सत्तर, ऐंशी. चाक फिरत होते. शंभर झाल्यावर ते वळले आणि त्यांनी हात वर केला.

‘तियेनी, अमायी,’ ते म्हणाले. चला.

ह्यांनी गाडी सुरू केली, आणि अचिमवेनेंनी सायकल टपावर बांधली.